केरबाची ढिली वायर

घाटाच्या माथ्यावरच्या वरंडोली गावात केरबा सुतार नावाचा गाड्यांचा एक वायरमन राहत होता. आडनाव सुतार असलं तरी रंधा त्याने कधी हातात धरला नव्हता. तरुणपणीच तो मोटारीच्या वायरिंगचं काम शिकला आणि घाटाच्या नाक्यावर पत्र्याचं दुकान टाकून बसला.

गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिच्यात जे नसतं ते केरबा बसवून देई. कुणाला धुक्यात उपयोगी पडणारे पिवळे दिवे हवे असत, कुणाला मोठा हॉर्न, कुणाला डोक्यापाशी छोटा पंखा. हे काम दिसायला सोपं. बॅटरीपासून बटणापर्यंत एक वायर, बटणापासून दिव्यापर्यंत दुसरी, की दिवा लागतो. पण असा लावलेला दिवा केरबाला पसंत नसे. मोठ्या दिव्याचा सगळा भार बटणातून गेला तर बटण तापतं, वितळतं, कधी वायरही पेट घेते. म्हणून तो मध्ये रिले बसवी. रिले म्हणजे काड्यापेटीहून लहान डबी. बटणाने तिला नुसता इशारा द्यायचा, भार तिने उचलायचा. बॅटरीजवळ फ्यूज, पुढे रिले, तिथून दिवा, आणि प्रत्येक जोड घट्ट. हे सगळं बॉनेटखाली झाकलं जाई. कुणी बघत नसे, तरी केरबा एकेक वायर टेपने गुंडाळून, पट्टीने बांधून ठेवी.

त्या काळी घाटातून दिवसभर ट्रक आणि एसट्या चालत. केरबाच्या दुकानापुढे गाड्या थांबून असत. शेजारी पंक्चरवाला होता, पलीकडे वडापावची गाडी होती. केरबाची बायको हौसाबाई घरून जेवणाचा डबा घेऊन येई आणि डबा संपेपर्यंत दुकानातच बसून राही.

मग डोंगराच्या पोटातून बोगदा झाला. मोठ्या गाड्या खालून जाऊ लागल्या. वडापाववाल्याने गाडी बोगद्याच्या तोंडाशी नेली. पंक्चरवालाही त्याच्यामागे गेला. हौसाबाई त्यानंतरच्याच हिवाळ्यात वारली. मुलगी लग्न करून लांब दिली होती, ती सणासुदीला फोन करी. केरबा मात्र दुकान सोडून कुठे गेला नाही. सकाळी फळी उघडायची, बाकावर बसायचं, संध्याकाळी फळी लावायची. कधी कधी पूर्ण दिवस रस्त्यावरून नुसता वारा जाई.

एका सकाळी एक जुनी जीप दुकानापुढे येऊन थांबली. केरबा उठून पुढे गेला आणि "या" म्हणाला. आवाज घोगरा फुटला. आदल्या दिवसापासून तो कुणाशीच बोलला नव्हता.

जीपमधून उतरलेला माणूस केरबाच्याच वयाचा होता. अंगाने आडवा, दाढी मेंदीने रंगवलेली. त्याचं नाव इलियास मुल्ला. घाटातल्या वाड्यांमधली माणसं सकाळी जीपमध्ये भरून तो वरच्या बाजाराच्या गावी आणी आणि दुपार कलली की परत नेऊन सोडी. वाड्या घाटाच्या अध्येमध्ये होत्या. बोगद्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

"धुक्यात रस्त्याची कड दिसत नाही," इलियास म्हणाला. "पुढचे दिवे लावले की समोर नुसतं पांढरं. खालच्या अंगाला पिवळे दिवे बसवून द्या."

"देतो. पण वेळ लागेल. मी रिले टाकून करतो."

"बाजारातला पोरगा म्हणत होता, रिले कशाला, डायरेक्ट जोडून देतो."

"देईल तो. उद्या घाटात बटण वितळलं तर बघायला येईल का?"

इलियास हसला. "तुमच्या पद्धतीनं करा. मी बसतो."

तो बसला आणि बोलू लागला. त्याच्या जीपमध्ये काय काय घडतं ते त्याने सांगितलं. एकदा एका बाईने बकरी मांडीवर घेतली होती. त्या बकरीने पुढे बसलेल्या गुरवाच्या पाटीतला सगळा बेल खाऊन टाकला, आणि पुढच्या वाडीपर्यंत गुरव बकरीशी भांडत होता. केरबा बॉनेटखाली वाकलेला होता. तिथेच तो इतका हसला की हातातली पक्कड खाली पडली.

काम झाल्यावर इलियासने बटण दाबलं. रिलेचा टक असा आवाज आला आणि दोन्ही दिवे लागले. दोघांनी चहा घेतला.

"घरी आम्ही अकरा माणसं," इलियास म्हणाला. "सगळी बोलतात. ऐकणारं कुणी नाही. तुमच्याकडे बरं वाटलं."

जीप गेली. केरबाने काम उत्तम केलं होतं. त्यामुळे इलियासला परत थांबायचं काही कारण उरलं नाही. तो रोज सकाळी आणि दुपारी दुकानावरून जाई, हॉर्न वाजवी, हात दाखवी. केरबाही हात दाखवी. मग रस्ता पुन्हा मोकळा होई. केरबाने बेलपत्राची गोष्ट मनातल्या मनात पुष्कळदा आठवली. ती सांगायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

एक पावसाळा संपत आला तेव्हा जीप पुन्हा थांबली.

"दिवे मध्येच जातात," इलियास म्हणाला. "खड्डा लागला की बंद, दुसरा लागला की चालू."

केरबाने पाहिलं. रिलेची एक वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. तिला अर्थ म्हणतात. ती नीट टेकलेली नसेल तर रिले उठत नाही आणि दिवे लागत नाहीत. तिथला पत्रा पावसाने गंजला होता. चूक कुणाचीच नव्हती. केरबाने गंज खरवडला, जागा घासून चकचकीत केली.

त्या दिवशी इलियासला परतीची माणसं मिळायला उशीर होता. तो दुपारभर बसला. त्याने डबा उघडला, केरबाने आपली भाकरी सोडली, दोघं एका ताटात जेवले. इलियासने केरबाला हौसाबाईबद्दल विचारलं. तिच्याबद्दल विचारणारा तो कितीतरी दिवसांतला पहिला माणूस होता. केरबा सांगत राहिला. ती डबा रिकामा झाल्याशिवाय कशी उठत नसे, हे सांगताना त्याचा आवाज बसला. इलियासने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

जायची वेळ झाली. केरबा शेवटचा स्क्रू आवळायला बॉनेटखाली वाकला. पाना फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. दिवे गेले म्हणून हा माणूस आला, हे त्याच्या मनात आलं. दिवे गेले नसते तर तो हात दाखवून निघून गेला असता.

केरबाने स्क्रू दोन आटे ढिला ठेवला आणि बॉनेट लावलं.

"झालं?" इलियासने विचारलं.

"झालं," केरबा म्हणाला.

आठवडा जातो न जातो तोच जीप परत आली. केरबाला आनंद झाला आणि त्या आनंदाची त्याला लाजही वाटली. पण चहा झाला, गप्पा झाल्या, आणि लाज मागे पडली. जाताना त्याने स्क्रू पुन्हा तसाच ठेवला.

मग हे चालूच राहिलं. कधी अर्थचा स्क्रू, कधी फ्यूजची टोपी, कधी रिलेची पिन. दर वेळी केरबा तेवढाच दोष ठेवी की गाडीचं मोठं नुकसान होणार नाही आणि काही दिवसांनी दिवे जातील. तो स्वतःला सांगे, उन्हाळा आहे, दिव्यांची गरज कुणाला आहे. इलियास येई, बाकावर मांडी घालून बसे. आता ते एकमेकांना अरे-तुरे करू लागले होते. इलियासच्या घरून कधी फणसाची भाजी येई, ईदला शिरखुर्मा आला. केरबा सकाळी उठल्यावर दाढी करू लागला होता.

"माझीच गाडी अवलक्षणी," इलियास म्हणे. "तू इतकं करतोस, तरी हिचं रडगाणं संपत नाही."

केरबा मान खाली घालून वायर सोलत राही.

एकदा इलियासबरोबर दुसरा एक जीपवाला आला होता. तो म्हणाला, "इलियासभाई, सारखं सारखं तेच का होतं? एकदा बाजारातल्या पोराला दाखवा की."

"ह्याच्या कामात खोट नाही," इलियास म्हणाला. "गाडी जुनी आहे, तिला काय करणार."

केरबाच्या हातून टेपची गुंडाळी सुटून रस्त्यावर घरंगळत गेली. तो ती आणायला गेला आणि उगाच बराच वेळ तिकडेच उभा राहिला. आता खरं सांगावं असं त्याला वाटलं. पण सांगितलं तर हा माणूस उद्यापासून येणार नाही, हेही वाटलं. तो परत आला आणि पुन्हा वायरीला टेप गुंडाळू लागला.

श्रावण सरत आला. त्या दिवसांत घाटात दुपारनंतर धुकं चढतं. एका बाजाराच्या दिवशी इलियास माणसं भरून परत निघाला होता. जीप दुकानापुढे क्षणभर थांबली. आत माणसं दाटीवाटीने बसली होती, मांडीवर पिशव्या होत्या, मागच्या बाजूला वाडीतली येसाबाई कोंबड्यांची रिकामी पाटी घेऊन बसली होती.

"आज बसत नाही रे," इलियास आतूनच म्हणाला. "धुकं यायच्या आत खाली उतरतो."

केरबाने दरीकडे पाहिलं. धुकं वर यायला लागलं होतं. परवाच त्याने ह्या जीपच्या अर्थचा स्क्रू ढिला ठेवला होता.

"थांब जरा. दिवे बघून देतो."

"परवाच तर केलेस. मस्त चालतायत."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"इलियासभाई, चला," मागून कुणीतरी म्हणालं. "पोरं वाट बघत असतील."

केरबाने बॉनेटवर हात ठेवला होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी स्क्रू ढिला ठेवलाय, उतर खाली. ते वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. इलियासने हात दाखवला, जीप वळली आणि दिसेनाशी झाली. केरबाचा हात तसाच हवेत राहिला.

तो बाकावर बसला. धुकं आलं. आधी समोरचा दगड दिसेनासा झाला, मग रस्ता, मग त्याच्या स्वतःच्या दुकानाचा पत्रा. केरबा जीपचा आवाज ऐकत होता. आवाज खाली खाली जात होता. एका वळणाशी काहीतरी दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि जीपचा आवाज अचानक बंद झाला.

केरबाने हत्यारांची पिशवी उचलली आणि तो घाटाने खाली पळत सुटला. ह्या वयात तो किती वेळा पडला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. एका हाताने कठडा चाचपत तो वळणावळणाने उतरत गेला. कठडा संपला की त्याला धडकी भरे, कारण तिथे पुढे दरी होती.

जीप डोंगराच्या अंगाला होती. तिचं पुढचं चाक गटारात गेलं होतं आणि नाक खडकावर टेकलं होतं. माणसं रस्त्यावर उभी होती. कुणी रडत होतं, कुणी मोजत होतं की सगळे आहेत ना. येसाबाई खाली बसली होती आणि तिने डावा हात उजव्या हाताने धरून ठेवला होता. मनगट वाकडं झालं होतं.

इलियास चाकापाशी उभा होता.

"दिवे गेले," तो म्हणाला. "वळणावरच गेले. काही दिसेना. डावीकडे वळवायची की उजवीकडे, काही कळेना. वळवली ती ह्या बाजूला वळली म्हणून वाचलो." मग त्याने केरबाला ओळखल्यासारखं पाहिलं आणि त्याचा खांदा धरला. "तू आलास. एवढ्या धुक्यात चालत आलास."

केरबाने बॉनेट उघडलं. त्याला शोधावं लागलं नाही. वायर सुटून लोंबत होती. त्याने ती जागेवर लावली आणि अंगातला सगळा जोर लावून स्क्रू आवळला. रिलेचा टक असा आवाज आला. धुक्यात दोन पिवळे पट्टे पडले आणि रस्त्याची कड दिसू लागली.

"देवासारखा धावून आला हा," एक म्हातारा म्हणाला. एका बाईने केरबापुढे हात जोडले. दोघातिघांनी मिळून जीप गटारातून ढकलून काढली. कुणीतरी येसाबाईच्या हाताला काठी बांधली. इलियास केरबाचा हात सोडायला तयार नव्हता.

आता गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं. कुणाला कळणार नव्हतं. इलियास उद्यापासून रोज थांबला असता. केरबाला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. त्याने जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि त्याला ते सहन झालं नाही.

"इलियास," तो म्हणाला, "वायर आपोआप सुटली नाही. मी ढिली ठेवली होती."

"म्हणजे?"

"परवा ढिली ठेवली. त्याच्या आधीही ठेवली. वर्षभर ठेवतोय."

इलियासने त्याचा हात सोडला.

"का?"

"तू यावास म्हणून."

इलियास त्याच्याकडे बघत राहिला. तो ओरडेल, मारेल, असं केरबाला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. इलियासचा आवाज मात्र अगदी खाली गेला होता.

"नुसतं ये म्हणाला असतास तर आलो नसतो का रे?"

वर्षभरात केरबाने तसं एकदाही म्हणून पाहिलं नव्हतं.

इलियासने माणसांना बसवलं. येसाबाईला पुढे घेतलं. जीप हळूहळू पुढे सरकली आणि तिचे पिवळे पट्टे वळणापलीकडे गेले. केरबा पिशवी घेऊन एकटा घाट चढू लागला. धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे पायही त्याला दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून जीप दुकानावरून जाऊ लागली ती हॉर्न न वाजवता. इलियास समोर बघे. केरबा हात वर करी आणि मग तो खाली घेई. इतर जीपवाल्यांनाही कळलं होतं. थोडंफार जे काम येई तेही आता येईनासं झालं. रागावून कुणी दुकानावर आलं असतं तरी केरबाला चाललं असतं. पण कुणीच आलं नाही.

गणपती उठल्यावर एका सकाळी त्याने दुकान उघडलं नाही. तो चालत घाट उतरला आणि येसाबाईची वाडी शोधत गेला. येसाबाई अंगणात बसली होती. हात प्लास्टरमध्ये होता. तिने त्याला ओळखलं, पण आत या म्हटलं नाही.

"बाई, तुमचा हात माझ्यामुळे मोडला," केरबा म्हणाला.

"ठाऊक आहे."

"काही काम असेल तर सांगा. करून जातो."

तिने त्याला न्याहाळलं. मग हंड्याकडे बोट दाखवलं. केरबाने पाणी भरलं. लाकडं फोडून रचून ठेवली. तो दिवसाआड येत राहिला. प्लास्टर निघेपर्यंत तिच्या घरचं पाणी त्यानेच भरलं. सुरुवातीला ती फक्त काम सांगे. नंतर एके दिवशी तिने त्याला ओसरीवर बसायला सांगितलं.

"त्या दिवशी ऐकलं मी, तू का केलंस ते," ती म्हणाली. "एकटी मीही राहते. नवरा जाऊन किती वर्षं झाली. लेक मुंबईला. म्हणून मी कुणाच्या विहिरीचा दोर कापून ठेवत नाही, पाणी मागायला माझ्या दारी यावं म्हणून."

केरबा खाली बघत राहिला.

"मग काय करता?" त्याने विचारलं.

"दार उघडं ठेवते. जाणाऱ्याला बस म्हणते. कुणी बसतं, कुणी नाही बसत."

"नाही बसलं तर?"

"तर नाही बसलं. दुसऱ्या दिवशी परत म्हणायचं."

केरबा त्या दिवशी घाट चढताना ह्याचा विचार करत होता. ऐकायला हे सोपं होतं. पण बस म्हणावं आणि समोरच्याने नाही म्हणावं, ह्याचीच त्याला आयुष्यभर भीती वाटत आली होती. मुलीलाही त्याने कधी, येऊन राहा, असं म्हटलं नव्हतं. तिला अडचण होईल असं तो म्हणे. खरं म्हणजे ती नाही म्हणेल, ह्याची त्याला भीती होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो वरच्या गावी जीप स्टँडवर गेला. इलियास चार जीपवाल्यांबरोबर उभा होता. केरबाला पाहताच त्यांचं बोलणं थांबलं.

"बोला," इलियास म्हणाला. "काय काम आहे?"

बोला हा शब्द केरबाला लागला. तरी तो उभा राहिला.

"काम काही नाही. रोज दुकानावरून जाता. कधी वाटलं तर चहाला थांबा. तेवढं सांगायला आलो होतो."

जीपवाल्यांपैकी एकजण हसला. इलियास हसला नाही.

"बघू," तो म्हणाला आणि जीपमध्ये माणसं बसवायला गेला.

त्या दिवशी तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. केरबा दुपारी चहाचं आधण ठेवी, जीपचा आवाज येई, जवळ येई, पुढे जाई. मग तो एकट्यापुरता चहा गाळी. संध्याकाळी त्याने एकदा मुलीला फोन केला आणि, जमलं तर चार दिवस येऊन जा, असं म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी म्हणालाच नाहीत." उन्हाळ्यात पोरांना घेऊन येते म्हणाली.

थंडी पडली. एका दुपारी जीपचा आवाज आला, आणि दुकानावरून पुढे गेल्यावर थांबला. केरबा बाहेर आला. इलियासने जीप रस्त्याच्या पलीकडे, लांब करंजाच्या झाडाखाली लावली होती. तो चालत आला आणि बाकापाशी उभा राहिला.

"गाडीला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"नाही लावणार."

"तिचं काम आता बाजारातल्या पोराकडे दिलंय."

"बरं केलंस," केरबा म्हणाला. "रिले काढली नाही ना त्यानं?"

"नाही. तशीच ठेवली. जागा बदलली फक्त, आणि स्क्रूऐवजी बोल्ट टाकला."

"चांगलं केलं."

इलियास बसला. पूर्वीसारखी मांडी घालून नाही, बाकाच्या टोकावर, उठून जाता येईल असा. केरबाने चहा ठेवला. दोघांनी तो प्यायला. रस्त्याने एक सायकलवाला गेला. मग इलियासने येसाबाईचा हात कसा आहे ते सांगितलं, आणि त्याच्या धाकट्या नातवाला दात आल्याचं सांगितलं. केरबाने ऐकलं. बाकीचं बोलणं पूर्वीसारखं आलं नाही.

इलियास उठला. केरबाने विचारलं.

"उद्या येशील?"

"उद्या नाही जमणार," इलियास म्हणाला. थोडा थांबून त्याने चप्पल पायात सरकवली. "शुक्रवारी बघतो. नमाजानंतर."

तो शुक्रवारी आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आला नाही. नंतर कधी येई, कधी येत नसे. जीप मात्र तो नेहमी पलीकडे झाडाखाली लावी, आणि केरबाने पुन्हा कधी तिचं बॉनेट उघडलं नाही. ज्या दिवशी बाक रिकामा राही त्या दिवशी केरबाला एकटं वाटे, पूर्वी वाटत असे तितकंच. पण आता तो संध्याकाळी फळी लावून घरी जाई आणि त्याला झोप लागे.

तात्पर्य: कुणाची सोबत हवी असेल तर ती तोंडाने मागावी आणि नकाराचीही तयारी ठेवावी. माणूस आपल्याकडे यावा म्हणून त्याची अडचण जपून ठेवली तर माणूसही दुरावतो आणि त्याने आपल्यावर ठेवलेला विश्वासही जातो. माणूस पुढे कदाचित परत येईल, पण गेलेला विश्वास तेवढाच परत येईल असं नाही.